नाबरकाकांची आगबोट

नाबरकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला एक किटली विकायचा प्रयत्न केला.

मी गेले होते त्यांचा कॉम्प्युटर बघायला. ऑस्ट्रेलियातल्या या टूवूंबात मराठी घरं मोजकी. त्यातल्या एकाला जरी कळलं की तुम्ही आयटीत आहात, तरी प्रिंटरपासून गराजच्या दारापर्यंत सगळं तुम्हाला दुरुस्त करता येतं असं गाव धरून चालतं. मी इथल्या युनिव्हर्सिटीत सर्व्हर सांभाळते, पण हे कुणाला समजावून सांगणार? गेले आपली. दार उघडलं ते एका उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी. "या, बसा" काही नाही. भर बाजारात उभं असल्यासारखे ते म्हणाले, "यावं, यावं, गृहिणींनो! ही किटली घेऊन जा. तळ तांब्याचा, मूठ लाकडी, हात भाजायचा नाही. यजमानांची दाढी आटोपायच्या आत पाण्याला उकळी. उशीर कराल तर पस्तावाल!" त्यांच्या नाकाखालून प्लॅस्टिकची बारीक नळी गेली होती आणि ती मागे घरात कुठेतरी घुमणाऱ्या यंत्राला जोडलेली होती. एवढं बोलून त्यांना धाप लागली. चौकटीला धरून ते थोडा वेळ थांबले आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "शंभर वर्षं झाली, पडून आहे बिचारी. तू घेतली असतीस तर बरं झालं असतं."

मला वाटलं, म्हातारा सटकलाय. आत जाऊन बघते तर कॉम्प्युटर ठणठणीत होता, फक्त पडद्यावरची अक्षरं काकांच्या हातून चुकून मुंगीएवढी झाली होती. ती मी मोठी करून दिली. तेवढ्यावर त्यांनी मला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली आणि "अगं वृंदा" म्हणायला सुरुवात केली. पडद्यावर एक जुनं, पिवळट वर्तमानपत्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात ती किटली, वाफेसकट, रेघारेघांनी काढलेली.

डॉक्टर वसंत नाबर मूळचे वेंगुर्ल्याचे. इथल्या सरकारी इस्पितळात त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून उभा जन्म काढला. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी केतकी मेलबर्नला, ट्रुगानिनात. निवृत्त झाल्यावर इथले लोक गोल्फ खेळतात किंवा कॅरव्हॅन घेऊन भटकतात. काकांनी वेगळंच व्रत घेतलं. इथल्या एका मोठ्या ग्रंथालयाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यांचा मजकूर यंत्राने वाचलेला, त्यामुळे चुकांनी भरलेला. मूळ पान एका बाजूला, यंत्राने वाचलेलं दुसऱ्या बाजूला. ज्याला हौस असेल त्याने घरबसल्या ओळी दुरुस्त कराव्यात. बरीच निवृत्त मंडळी ते करतात. कुणी आपल्या पणजोबांच्या लग्नाची बातमी शोधतं, कुणाला जुने खून आवडतात, कुणाला क्रिकेट. नाबरकाका फक्त जाहिराती दुरुस्त करायचे.

"जाहिराती कोण वाचणार, काका?"

"म्हणूनच. बातमीला वाली असतो. जाहिरातीला कोण आहे?" ते म्हणायचे. "आणि बातमी शिळी होते गं. कोणतं मंत्रिमंडळ पडलं याचं आता कुणाला काय? पण तेव्हा ज्या बाईला नवी किटली हवी होती ना, तिची हौस बघ. जशीच्या तशी ताजी आहे."

त्यातही त्यांची आवडनिवड होती. घरातल्या वस्तू, पादत्राणं आणि आगबोटी, एवढंच. टॉनिकं आणि केसांची तेलं यांना ते हात लावत नसत. "त्यात नुसत्या थापा. इतकी वर्षं डॉक्टरकी केल्यावर हे पाप कशाला?" बुटांवर त्यांचा विश्वास होता. बुटाबद्दल फार काळ खोटं बोलता येत नाही, पाऊस पडला की सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं. इथल्या काळ्या मातीत राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी असलेली एक बुटांची जाहिरात त्यांनी मराठीत करून मला ऐकवली होती: "चिखलातून चाला, शेणातून चाला, ओढ्यातून चाला. पाणी आत शिरलं तर बूट आणून आमच्या डोक्यात घाला." मी म्हटलं, काका, शेवटचं वाक्य मूळ जाहिरातीत नाही. ते म्हणाले, "त्यांच्या मनात होतं."

पण जीव होता तो आगबोटींवर. कोणती बोट ब्रिस्बेनहून कधी निघणार, वाटेत कुठे लागणार, केबिनी कशा, दिवे विजेचे की कसले, आणि खाली बारीक अक्षरांत, बोटीवर सर्जन आहे आणि बायकांच्या दिमतीला बाई आहे. हे वाचताना ते हटकून थांबायचे. "बघ, डॉक्टर आहे बोटीवर! केवढा धीर वाटत असेल लोकांना." त्याच्याही खाली असायचं, हवामान व परिस्थिती अनुकूल असल्यास. हे त्यांनी उचललंच होतं. रविवारी जेवायला याल ना, असं विचारलं की, "येतो. हवामान व परिस्थिती अनुकूल असल्यास." रक्त तपासायला जायचंय ना उद्या? "परिस्थिती अनुकूल असल्यास." एकदा इस्पितळात फोनवर इंग्रजीत हेच म्हणाले, तर पलीकडची मुलगी गोंधळून म्हणाली, "सॉरी डॉक्टर, इज दॅट अ यस?"

या सगळ्या दुरुस्त्या कुणासाठी चालल्या होत्या ते मला हळूहळू कळलं. त्यांना एक गिऱ्हाईक होतं. वेंगुर्ल्याला त्यांची थोरली बहीण होती, अक्का, नव्वदीकडे झुकलेली. रोज दुपारी, म्हणजे तिकडे तिची देवपूजा उरकली की, काका तिला फोन लावायचे आणि त्या दिवशी दुरुस्त केलेली जाहिरात मराठीत करून ऐकवायचे. मी बऱ्याचदा त्या वेळी तिथे असे. माझं ऑफिस जवळ आणि लंचला त्यांच्याकडे गरम आमटी मिळे, हेही खरं कारण. फोन स्पीकरवर असायचा.

"काय रे मेल्या, आज काय आणलंयस?" अक्कांचा आवाज खणखणीत.

"बाईसाहेब, बूट आणलेत. खास बायकांचे. घोट्याच्या वर, बाजूने बटणं."

"किती बटणं?"

"भरपूर."

"नको रे बाबा. तेवढी लावेस्तोवर माझा भात करपेल. चपला नाहीत?"

"या देशात त्या वेळी चपला नव्हत्या."

"मग कसला देश तुझा!"

ती किटलीही तिने घेतली नव्हती. लाकडी मूठ चुलीवर जळेल म्हणाली. पितळेची दाखवली तर म्हणाली, बरोबर धरायला फडकं देतोस का? असं सगळं. गिऱ्हाईक नाठाळ होतं आणि दुकानदाराला तेच हवं होतं. तेवढा वेळ काकांचा चेहरा इतका खुलायचा की नाकाखालची ती नळी नजरेआड व्हायची.

आई गेली तेव्हा काका अगदीच लहान होते. अक्का स्वतः परकर-पोलक्यातली, पण तिने शाळा सोडली आणि घर हातात घेतलं. चुलीपाशी उभी राहून ती या धाकट्या भावाला अक्षरं शिकवायची. पाटी-पुस्तक लांब, हाताशी काय तर डबे ठेवायच्या फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र. त्यात मोठी, ठळक अक्षरं जाहिरातींचीच. "मी 'ग' गणपतीतला नाही शिकलो," काका सांगायचे, "साबणाच्या जाहिरातीतला शिकलो. 'गोरी त्वचा'तला." वडील नोकरीसाठी मुंबईला. वर्षातून एकदा आगबोटीने यायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला लागायची. अक्का वसूला काखोटीला मारून बंदरावर उभी राहायची. कित्येकदा वडील त्या बोटीवर नसायचेच. मग ती त्याला म्हणायची, पुढच्या बोटीने येतील.

आता त्यांच्या आजाराबद्दल सांगायला हवं. त्यांची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. या दुखण्याला थोपवता येतं, परतवता येत नाही. तपासणीला मीच त्यांना गाडीतून घेऊन जायची, कारण इथे गाडीशिवाय पान हलत नाही आणि त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं होतं. एकदा ते मला आतच घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, आमच्या काकांच्या हाताखाली शिकलेला. सगळे कागद बघून झाले तरी तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी काकाच म्हणाले, "से इट, मेट. नो मोअर फ्लाइंग, राइट?"

तो म्हणाला, "आय'म सो सॉरी, डॉक्टर."

"डोन्ट बी. आय'ड हॅव रिटन द सेम." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "विमानात हवा विरळ असते. माझ्याकडे खर्चायला काही उरलेलं नाही."

घरी येताना माझ्या मनात हेच होतं. इतकी माणसं झोपवली, त्यांचा श्वास स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा ज्याचा त्याला परत केला, त्या माणसाला आता स्वतःचाच पुरत नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि ते लपवता आलं नाही. घर आलं तसे ते म्हणाले, "अक्काला यातलं काही सांगायचं नाही. केतकीलाही बजावलंय. वृंदा, अक्काने स्वतःचं सगळं सोडून मला वाढवलं. मी धडधाकट राहावा एवढंच तिला हवं होतं. आता या वयात तिला काय सांगू, की तेही जमलं नाही?"

नाकाला नळी लागेपर्यंत दर डिसेंबरात ते वेंगुर्ल्याला जायचे. पहिल्या वर्षी त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, पुढल्या वर्षी केतकीच्या बाळंतपणाचं. त्याच्याही पुढल्या वर्षी निमित्तं आटली. तेव्हा ही आगबोटच कामाला आली. एका दुपारी त्यांनी नेहमीसारखी जाहिरात वाचली. ब्रिस्बेनहून बोट निघणार, टॉरेसच्या सामुद्रधुनीतून वर, बटाव्हिया म्हणजे आताचं जकार्ता, मग कोलंबो, तिथे बोट बदलली की मुंबई. अक्का म्हणाली, "मग ये की हिनेच."

"येतो," काका म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून अक्काला चपला-किटल्यांत रस उरला नाही. रोज बोटीचीच चौकशी. काका रोज नवी सबब काढायचे. या बोटीच्या केबिनी भरल्या. या बोटीचं इंजिन दुरुस्तीला काढलं. ही वेंगुर्ल्याला थांबत नाही. "मग मुंबईला उतर मेल्या, तिथून एसटी आहे." दोघंही हसायची. खेळ होता तो. पण तो कुठे संपला आणि खरंखुरं वाट बघणं कुठे सुरू झालं, हे त्या दोघांनाही कळलं नसावं. मला तर नाहीच कळलं.

कळलं ते सुधीरचा फोन आला तेव्हा. सुधीर अक्कांचा मुलगा, पुण्याला असतो. त्याचे आणि काकांचे व्हिडिओ कॉल मी सुरू करून दिले होते, म्हणून माझा नंबर त्याच्याकडे.

"वृंदाताई, जरा बोलायचं होतं. आई परसात पडली. हाड मोडलं नाही, नशीब. पण आता तिला एकटीला तिथे ठेवणं शक्य नाही. आम्ही फ्लॅटमध्ये तिची खोलीसुद्धा तयार केलीय. ती येत नाही."

"का?"

"म्हणते, वसू बोटीने यायचाय. तो आला आणि घराला कुलूप असलं तर? तिने शेजारच्या पोरांना बंदरावर लक्ष ठेवायला सांगितलंय. तिथे आता आगबोट येत नाही, किती वर्षं झाली! मी समजावलं तर मला म्हणते, तुला काय माहीत, वसूने स्वतः वाचून दाखवलंय." सुधीरचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मामाला सांगा ना. खेळ म्हणून ठीक होतं. ती पुन्हा पडली तर मी काय करू?"

मी काकांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अक्का पडली म्हटल्यावर कुठे, कशी, डोक्याला लागलं का, हे डॉक्टरी प्रश्न विचारले.

माणूस हातपाय मारतोच. इथल्या मराठी मंडळातले एकजण म्हणाले, ब्रिस्बेनला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, 'फिट टू फ्लाय' लिहून देईल, नो वरीज. काकांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "मी स्वतः कितीजणांच्या आईवडिलांना ही चिठ्ठी नाकारलीय. रडायची माणसं माझ्यासमोर. आणि असं बघा, चिठ्ठी ओळखीने मिळेल. वर गेल्यावर हवा ओळखीने मिळते का?" मग मी हल्लीच्या आलिशान बोटी शोधल्या. सिंगापूरमार्गे मुंबईपर्यंत जाणारी एक सापडलीही. मी हुरळून गेले होते. बोटीच्या कंपनीतल्या लोकांनी दुखण्याचं नाव आणि ऑक्सिजनचं यंत्र ऐकलं आणि फार गोड शब्दांत नाही म्हणाले. काकांना मी चाचरत सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. पूर्वीच्या बोटीवर सर्जन असल्याची जाहिरात करायचे. आताच्यांना पाहुणे आजारी नसलेलेच हवेत."

मग त्यांच्यापुढे एकच काम उरलं. इस्पितळात ऑपरेशननंतर बाहेर येऊन नातेवाइकांना वाईट बातमी सांगायचं काम सर्जन लोक काकांवर ढकलायचे, इतकं त्यांना ते जमायचं. खुर्ची ओढून जवळ बसायचे, म्हणे, आणि सरळ सांगायचे. तेच काका सलग काही दुपारी फोन लावून बसले, तोंड उघडलं आणि पुन्हा किटली विकली. "होत नाही गं," ते मला म्हणाले. "दुसऱ्याच्या बहिणीला सांगणं वेगळं."

एके दिवशी त्यांनी मला ऑफिसमधून बोलावून घेतलं. पडद्यावर महायुद्ध सुरू झालं त्या दिवसांतलं पान होतं. आजवर ते पान त्यांनी टाळलं होतं. त्यात बोटीचं चित्र नव्हतं, नुसती चौकट होती. "तू इथे बस," ते म्हणाले आणि फोन लावला.

"काय रे मेल्या, कोणती बोट आज?"

काकांनी दुकानदाराचा आवाज लावला नाही. सरळ वाचलं. "प्रवाशांस कळवण्यात येते की, ब्रिस्बेनहून कोलंबोकडे जाणाऱ्या बोटी रद्द करण्यात आल्या आहेत. पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही धक्क्यावर येऊ नये."

पलीकडे कुठेतरी कावळा ओरडत होता.

"मग पुढची कधी?"

"पुढची नाही अक्का."

"नाही म्हणजे?"

"बोटच बंद झाली."

मी काकांचा हात धरला होता. फोनमधून अक्कांचा आवाज आला, नेहमीचा खणखणीत नाही, कुणी जवळ बसून विचारावं तसा.

"वसू, तुला दम लागतो ना रे?"

काकांनी डोळे मिटले. "हो अक्का."

"किती दिवस झाले?"

"बरेच झाले."

"मग मेल्या, एवढं मोठ्याने वाचत कशाला होतास?"

काका रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, काकूंच्या श्राद्धालाही नाही. रडण्याने त्यांना खोकल्याची उबळ आली, मी यंत्राचं बटण फिरवून ऑक्सिजन वाढवला, आणि तेवढा सगळा वेळ अक्का पलीकडून "हळू, हळू रे, पाणी पी" म्हणत होती. शेवटी ती म्हणाली, "सुधीरला सांग, मी येते पुण्याला. कुलूप लावते."

पुण्याला गेल्यावर तिने फोनचा कारभार आपल्या हातात घेतला. "आता तू गप्प बसायचं, मी वाचणार," असं तिने जाहीर केलं. सुधीरकडे वर्तमानपत्र यायचं. भिंग लावून ती त्यातल्या जाहिराती भावाला वाचून दाखवायची. वीस मजली इमारतीतले फ्लॅट, पाठीला आराम देणाऱ्या गाद्या, हवेवर तळणारी यंत्रं. "वसू, यात तेल लागत नाही म्हणतात. मग तळतात कशात, यांच्या डोंबलात?" काका उशीला टेकून ऐकायचे. बोलणं त्यांना झेपेनासं झालं होतं. घ्यायचं असेल तर ते फोनवर बोटाने एकदा टकटक करायचे, नको असेल तर दोनदा. गादी त्यांनी घेतली. फ्लॅट नाकारला. त्या काळात मी त्यांना जितकं समाधानी पाहिलं तितकं जाहिराती विकतानाही नव्हतं पाहिलं. धाकट्या भावाला पुन्हा धाकटं होता आलं, एवढंच मला त्याचं कारण दिसतं.

हिवाळ्यात ते गेले. टूवूंबाचा हिवाळा डोंगरावरचा, कोरडा, झोंबणारा. जिथे इतकी वर्षं काम केलं त्याच इस्पितळात, तो तरुण डॉक्टर आणि केतकी जवळ असताना गेले. केतकी इथेच जन्मलेली. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना मात्र इंग्रजीत शिरते. तिने सगळं नेटकं पार पाडलं. इस्पितळातल्या नर्सेस आल्या होत्या. त्यातली एक निवृत्त नर्स मला म्हणाली की डॉक्टर नाबर पेशंटला झोपवताना नेहमी म्हणायचे, मी इथेच आहे, कुठे जात नाही. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या घरी आमटी खाल्ली, आणि ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही.

अस्थी वेंगुर्ल्याच्या समुद्रात सोडायच्या असं केतकीने ठरवलं. पुढच्याच आठवड्याचं मुंबईचं तिकीट काढलं आणि ते आत्याला सांगायला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारी बसले होते. पडद्यावर अक्का दिसल्या, पांढरं लुगडं, बारीक झालेल्या. सुधीर मागे उभा होता. अक्का रडत नव्हत्या. दिवसभर रडून झालेलं दिसत होतं.

"आत्या, मी बाबाला घेऊन येतेय. नेक्स्ट वीक. फ्लाइट बुक केलंय."

अक्का पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा सबंध पडदाभर झाला.

"विमानाने नको गं आणूस त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला विमानात दम लागतो."

"आत्या, पण ही इज..." केतकी म्हणाली. सुधीर हलक्या आवाजात "आई, अगं" एवढंच म्हणाला. अक्कांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्या केतकीकडेच बघत राहिल्या. त्या भ्रमात नव्हत्या. भाऊ गेला हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण हा मुलगा त्यांनी वाढवलेला होता, आणि त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आता त्यांना कळलं होतं.

"ओके आत्या," केतकी म्हणाली. मग फोन ठेवून ती माझ्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. अंत्यविधीलाही ती अशी रडली नव्हती.

तिने तिकीट रद्द केलं. मालवाहू बोटींच्या कंपन्यांना फोन करायला आम्ही दोघी बसलो. कुणी म्हणालं, कुरियरने लवकर जाईल. कुणी म्हणालं, विमानाने का नाही, सोपं पडेल. केतकी दरवेळी तेच सांगायची, "नो, इट हॅज टु बी अ शिप." शेवटी ब्रिस्बेनच्या एका म्हाताऱ्या एजंटने का म्हणून विचारलं नाही. सरकारी कागद कोणते लागतील ते सांगितलं आणि म्हणाला, "वी'ल लुक आफ्टर हिम, लव्ह." आम्ही दोघी गाडीने डोंगर उतरून ब्रिस्बेनला गेलो आणि अस्थींचं खोकं त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

ही गोष्ट मी लिहितेय तेव्हा काका समुद्रावर आहेत. केतकी ट्रुगानिनाला परत गेली आहे. रोज दुपारी, आत्याची पूजा झाली की, ती पुण्याला फोन लावते. बोट आज कुठे आहे ते हल्ली फोनवरच्या नकाशात ठिपक्यासारखं दिसतं. ते बघून ती आपल्या मोडक्या मराठीत सांगते. बोट वर टॉरेसमधून गेली. मग बरेच दिवस नुसता समुद्र होता. मग सिंगापूर. अक्का प्रत्येक गावाचं नाव दोनदा म्हणवून घेतात. काल केतकीने सांगितलं, कोलंबो आलं.

"आलं का," अक्का म्हणाल्या. "मग आता जवळच आलाय."